रस्त्याकडचा पट्टा

टोपणनावं उगाच पडत नाहीत. भिंगरीला भिंगरी म्हणायला लागले, कारण त्याला एका जागी बसलेला कुणी कधी पाहिलाच नव्हता. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, म्हणजे उठायला सोपं. आता पन्नाशी उलटली, मिशा पिकल्या, तरी पायांची वळवळ काही थांबली नाही. आणि अशा माणसाला त्याच्या लेकीने नेऊन बसवलं कुठे, तर वर्गात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दर मंगळवारी, अख्खी सकाळ.

वर्ग होता शेतकऱ्यांना धंदा शिकवण्याचा. खताच्या जुन्या गोदामात भरायचा. भिंतींना नवा चुना दिला होता, पण खताचा वास काही हटला नव्हता, आणि वरचा पंखा फिरायचा कमी, कुरकुरायचा जास्त. शिकवायला एक बाई होत्या. नुसत्या भाषणं ठोकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी स्वतः कित्येक वर्षं भाजीचं दुकान चालवलं होतं, आणि ते त्यांच्या बोलण्यात दिसायचं. पिकवणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं तुम्ही दुसऱ्याच्या पदरात टाकून घरी येता, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं. भिंगरीला ते पटलं. पटलं तरी त्याची टाच खुर्चीखाली सारखी हलत होती, आणि पुढे बसलेली गाजरवाली मागे वळून वळून त्याच्याकडे बघत होती.

लेकीने त्याचं नाव शहरात बसल्या बसल्या फोनवरूनच घातलं होतं. ती चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा शेतात खरोखरच काही दम नव्हता. पाऊस आला तर धान्य, नाही आला तर धुरळा. शहरात एका मोठ्या किराणा कंपनीच्या गोदामात तिला काम मिळालं. सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या शेतातल्या भाज्या निवडून पेट्यांत भरायच्या. पोरगी हुशार, तोंडाने फटकळ, हाताला चलाख. बघता बघता तिला त्या पट्ट्यावरची मुख्य केली. आणि आता कंपनी समुद्रापलीकडे नवं गोदाम उघडत होती, आणि साहेब तिला म्हणत होते, तू चल. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग.

"मला जायचंच आहे असं नाही, बाबा," ती म्हणाली होती. "पण तिकडे येऊन करू काय? तुमच्याबरोबर बांधावर बसून नशिबाला बोल लावू? एक कायमचं गिऱ्हाईक मिळवून दाखवा. एकच. मग मी येते, आणि आपण दोघं मिळून धंदा करू."

एकुलती एक लेक. शहरात होती तोवर निदान बसने येण्याजोगी होती. समुद्र ओलांडून गेलेलं माणूस परत येतं ते पाहुणं होऊन, हे भिंगरीने दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं. रात्री कूस बदलून बदलून त्याने बायकोचीही झोप घालवली. बायको म्हणायची, अहो, जागेपणी फिरता ते फिरता, झोपेत तरी थांबा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या भागात ज्याची जमीन रस्त्याला लागून, त्याचा रस्त्याकडचा एक पट्टा मुद्दाम वाईट ठेवलेला असायचा. चुकून नव्हे, आळसानेही नव्हे, मुद्दाम! त्याला खत नाही, खुरपणी नाही. रोपं पिवळी, वाकडी, मधूनमधून मेलेली, आणि तण गुडघ्याइतकं. त्याच्यामागे उंच गवताचं दाट कुंपण, आणि कुंपणाच्या मागे खरं शेत. रस्त्याने जाणाऱ्याने, मग तो पाहुणा असो, व्यापारी असो की जळका भाऊबंद, पट्टा बघावा, अरेरे म्हणावं आणि पुढे जावं. कुणाची दृष्ट नको, कुणाचं मागणं नको, कुणाच्या डोळ्यांत खुपायला नको. बापाने तसं केलं, बापाच्या बापाने तसं केलं. आणि जसा पट्टा, तसं तोंड. कुणीही विचारलं, काय म्हणतंय पीक, की उत्तर ठरलेलं: काही खरं नाही यंदा. कोठार भरून ओसंडत असलं तरी तेच. हे खोटं बोलणं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

भिंगरीच्या कुंपणामागे गेली तीन वर्षं काय होतं, ते बघितलं असतं तर बघणारा जागीच थबकला असता. लेक गेल्यावर त्याने जिद्दीने विहीर खोल केली, ठिबक बसवलं, वर हिरवी जाळी ताणली आणि ढोबळी मिरची लावली. लाल, पिवळी, मुठीत न मावणारी, अशी तुकतुकीत की हात लावायला जीव होऊ नये. लेक वर्षातून एकदा दोन दिवस यायची, तीही नेमकी तोडणी उरकून, जाळी आणि नळ्या काढून रान मोकळं झाल्यावर, कारण तिला रजा तेव्हाच मिळायची. म्हणजे तिलाही दिसायची ती नांगरलेली माती. माल सगळा एका ट्रकवाल्या व्यापाऱ्याच्या घशात जायचा. तो तोंड वाकडं करून म्हणायचा, ठीक आहे, घेतो. भिंगरी म्हणायचा, घ्या, यंदा तसं काही खरं नाहीच. झालं, आता असल्या बोलण्यावर कोण चांगला भाव देणार?

बाईंनी एका मंगळवारी प्रत्येकाला फळ्यापुढे उभं केलं. स्वतःच्या मालाबद्दल एक चांगलं वाक्य बोला, बस, इतकंच. कोबीवाला पैलवानासारखा गडी, पण उभा राहिला आणि घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, माझा कोबी तसा वाईट नाही, पण यंदा काही खरं नाही. गाजरवाली म्हणाली, गाजरं आहेत बापडी. भिंगरीने तर फळ्यापुढे नुसत्या येरझाऱ्या घातल्या. बाई म्हणाल्या, मी गिऱ्हाईक असते तर तुम्हा सगळ्यांना चार पैसे दान देऊन घरी गेले असते. मग त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी सांगितलं, बरं, आता शेजाऱ्याच्या मालाबद्दल बोला.

आणि मंडळींना काय वाचा फुटली म्हणता! कोबीवाला उठला आणि भिंगरीच्या मिरचीबद्दल असा बोलत सुटला, की पंख्याची कुरकुरही ऐकू येईना. सालीची जाडी, रंगाची झाक, आठवडाभर न सुकणारा देठ, सगळं. म्हणजे गवताच्या कुंपणातून तो रोज बघत होता तर. भिंगरीचे कान लाल झाले. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं त्याला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, शनिवारी खरेदीवाल्या मॅडम येणार आहेत. शहरातल्या पाच-पंचवीस मोठ्या स्वयंपाकघरांसाठी त्या माल घेतात, दवाखाने, वसतिगृहं, असली. एकदा धरलं की वर्षानुवर्षं सोडत नाहीत. सगळ्यांची शेतं बघतील. रस्त्याकडचे तुमचे ते पट्टे मी पाहिलेत; ती तुमच्या दुकानाची पाटी आहे, आणि पाटीवर तुम्ही लिहून ठेवलंय, आत येऊ नका.

भिंगरी तिथून निघाला तो तरातरा थोरल्या भावाकडे. पट्टा दोघांच्या सामायिकीतला. दादा ओसरीवर दोरीला पीळ घालत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोरीची गाठ मारली आणि सांगितलं, पट्ट्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक येतं आणि जातं, रस्ता इथेच राहतो. उद्या तुझी मिरची सगळ्यांना दिसली, की पहिला हा पाहुणा दारात, दुसरा तो, आणि तिसरी गारपीट. भिंगरी चिडला. म्हणाला, दादा, माझी पोरगी चाललीय आणि तुला पाहुण्यांचं पडलंय. दादाने वर बघितलं नाही. पण दोरीचा पीळ मात्र उगाचच पुन्हा उकलायला घेतला.

शनिवारी उजाडता उजाडता भिंगरी विळा घेऊन पट्ट्यात शिरला. दादाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, मॅडम यायच्या आत निदान तण तरी उपटून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. ठरवणं सोपं. प्रत्यक्षात दोन हात तण उपटलं की त्याला वाटायचं, कुणी बघतंय. मान वर करून रस्ता न्याहाळायचा. बापाचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. मग पुन्हा दोन हात. कपाळावरून घाम, आणि पाय नुसते इकडून तिकडे. अर्धा पट्टासुद्धा धड झाला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती, कामावर जायच्या घाईत. आज येणार ना त्या मॅडम, असं तिने विचारलं. मग जरा थांबून, हळूच विचारलं, बाबा, पीक कसं आहे? भिंगरीचा एक डोळा रस्त्यावर, एक तणावर. तोंड आपलं आपण बोललं: काही खरं नाही बघ यंदा. येतील, बघतील, जातील. लेक म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला. भिंगरीने फोन खिशात कोंबला आणि पुन्हा विळा उचलला.

लगेचच एक लहानशी गाडी रस्त्याकडेला थांबली. काच खाली झाली. आत एकच अनोळखी बाई, साधे कपडे, पिकलेले आखूड केस. ती खाली उतरली, पट्ट्यातल्या पिवळ्या पानांकडे बघत राहिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, हे शेत कुणाचं, आणि पीक कसं काय आहे यंदा? मॅडम दुपारी, बाईंबरोबर, बाईंच्या स्कूटरमागून येणार असं भिंगरीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ही कुणीतरी वाट चुकलेली, वाटसरू. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि बापजाद्यांचं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं: माझंच हो, पण कीड पडलीय, पाणी पुरत नाही, काही खरं नाही बघा. तिने मान डोलावली, आभार मानले, गाडीत बसली आणि गेली. भिंगरीला तर जरा बरंही वाटलं, की चला, अजून जीभ शाबूत आहे.

थोड्या वेळाने बाईंची स्कूटर धुरळा उडवत आली. बाईंनी हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "तुम्ही मॅडमना काय सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमचं नाव काढून टाकलंय. म्हणतात, शेतकरी स्वतःच काही खरं नाही म्हणाला."

 एक क्षण, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, भिंगरी हललाच नाही. मग जो धावला तो कुंपण फोडून आत. एक पेटी ओढली, हाताला लागतील तशा लाल-पिवळ्या मिरच्या तोडून भरल्या, पेटी खांद्यावर घेतली आणि बाईंच्या स्कूटरवर मागे बसला. बाईंना वाटेत त्याने चार वेळा सांगितलं, जरा जोरात घ्या. शेवटी बाई म्हणाल्या, पुढे तुम्ही बसता का?

मॅडम कोबीवाल्याच्या अंगणात होत्या. वर्गातले सगळे जमले होते; गाजरवाली होती, आणखी चौघं-पाचजण होते. भिंगरीने पेटी त्यांच्यापुढे ठेवली. मॅडमनी एक मिरची उचलली, देठाशी दाबून बघितली, वास घेतला, तिचे दोन भाग केले आणि आतून बघितली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"सकाळी कीड पडली होती," त्या म्हणाल्या.

आता बोलायचं होतं. अख्ख्या वर्गासमोर.  कोबीवाला मान खाली घालून उभा होता. लाज भिंगरीची, पण वाटत होती सगळ्यांनाच, कारण प्रत्येकाच्या तोंडात तेच वाक्य बसलेलं. शेवटी भिंगरी बोलला. माझं पीक चांगलं आहे, तो म्हणाला. तीन वर्षं चांगलं आहे. सकाळी मी खोटं बोललो. तुमच्याशी नाही हो, रस्त्याशी बोललो. रस्त्याला आम्ही असंच सांगतो.

हसावं की काय करावं कुणाला कळेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांनी मिरचीचा तुकडा पेटीत परत ठेवला.

"माल उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण मी रोज बघायला येणार नाही. मी लांबून फोन करणार, विचारणार, पीक कसं आहे, आणि तुम्ही जे सांगाल त्यावर सगळं ठरवणार. लांब असलेल्या माणसाला तुमच्या शब्दाखेरीज दुसरं काय दिसतं?"

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, आता हातापाया पडावं, समजवावं, हवं तर शपथ घ्यावी. पण तो शेवटचा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला आणि मॅडमना सोडून भलतीकडेच गेला. लांब असलेलं माणूस. फोनवर विचारतं, पीक कसं आहे. सकाळी विचारलं होतं. परवा विचारलं होतं. तीन वर्षं दर आठवड्याला विचारत होतं, आणि त्याने प्रत्येक वेळी पोटच्या पोरीला रस्त्याकडचा पट्टा दाखवला होता. आत काय आहे ते एकदाही सांगितलं नव्हतं. पोरगी काय सुखाने चालली होती समुद्रापलीकडे? ती त्याच्या तोंडावर विश्वास ठेवून चालली होती.

तो पेटी तिथेच टाकून वळला. बाईंनी हाक मारली, कोबीवाल्याने हाक मारली. मॅडम कुणाला तरी म्हणाल्या, जाऊ द्या, विचार करून फोन करा म्हणावं, आणि फोनवर खरं बोलणारं कुणी घरात असेल तर त्याला बोलू द्या. ते त्याच्या कानांवर पडलं, पण थांबायला सवड कुणाला होती? चालता चालता त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग आठवलं, गोदामात शिरताना सगळ्यांचे फोन कपाटात ठेवून घेतात, सुट्टी होईपर्यंत हातात मिळत नाहीत.

मग जी दुपार गेली, ती भिंगरीने कशी काढली ते त्याच्या बायकोला विचारा. पाण्याची नळी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. विहिरीत डोकावला. जेवणाच्या ताटावरून दोनदा उठला. बायकोला सगळं सांगितलं, अगदी सगळं.  ती म्हणाली, मलाही तुम्ही लग्नाआधी बघायला आलात तेव्हा तोंडाने हाच पट्टा दाखवला होतात. मी तरीही आले, पण ती मी होते.  दादा कुंपणापाशी येऊन उभा राहिला होता. त्याने सकाळचं अर्धवट उपटलेलं तण पाहिलं होतं. ओरडेल असं वाटलं, पण तो ओरडला नाही. फोन आला का, एवढंच त्याने विचारलं.

फोन आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लेक घाबरली होती. इतके फोन पाहून तिला वाटलं, कुणाचं काहीतरी बरंवाईट झालं. भिंगरी म्हणाला, कुणाला काही नाही झालं. तू कळवलंस का त्यांना? तिने दुपारीच कळवलं होतं. हो म्हणून. सकाळी तुमच्याशी बोलले आणि म्हटलं, आता कशाची वाट बघायची.

"पीक चांगलं आहे," भिंगरी म्हणाला. "सकाळी मी खोटं सांगितलं. तीन वर्षं खोटं सांगतोय. आणि गिऱ्हाईक मिळालं नाही, ते माझ्याच तोंडाने घालवलं, तेही सांगतो. पण पीक चांगलं आहे."

पलीकडे कुणीतरी पेट्या सरकवत होतं, त्याचा आवाज येत होता.  मग लेक म्हणाली, दाखवा.

भिंगरीने फोनचा कॅमेरा सुरू केला आणि हात लांब करून चालायला लागला. सवयीचे पाय, ते पहिले वळले पट्ट्याकडेच. लेक म्हणाली, हे नको, हे मला पाठ आहे, मागचं दाखवा. मग तो कुंपणाच्या फटीतून आत शिरला, जाळीखाली गेला. ओळीच्या ओळी, वाकलेली झाडं, लाल, पिवळी, मध्येच अजून हिरवी. तो बोलायला लागला आणि थांबेना. ही बघ, ही परवा पिकली. ही ओळ जरा मागे आहे, तिला पाणी कमी पडलं, ते माझं चुकलं. त्या कोपऱ्यात कीड आहे, खरंच आहे, पण थोडी आहे, आटोक्यात येईल. तीन वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. चित्र इतकं हलत होतं की लेकीला म्हणावं लागलं, बाबा, जरा एका जागी उभे राहा, मला दिसत नाहीये.

तो उभा राहिला. एका झाडापुढे फोन धरून, श्वास रोखून. लेकीने जवळून बघितलं. रोज हजारो मिरच्या हातांखालून घालवणारी ती, तिला सांगायची गरज नव्हती.

"देठ लांब ठेवता तुम्ही," ती म्हणाली.  "पेटीत शेजारच्या फळाला टोचतो. आखूड कापायचा." मग म्हणाली, "हे मला आधी कळलं असतं तर मी अर्जसुद्धा केला नसता. का नाही सांगितलंत?"

भिंगरीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गारा पडल्या तर? पोरीला आशा लावली आणि नासली तर? आणि खरं सांगायचं तर इतकाही विचार केला नव्हता. तोंड बोलत होतं आणि तो ऐकत होता. तो म्हणाला, सवयीने.

लेकीने डोळे पुसले. मग तिने विचारलं, आणि तुम्ही कसे आहात? हेही ती दर वेळी विचारायची, आणि त्याचंही उत्तर ठरलेलं होतं. पिकाचं काही खरं नसायचं, पण भिंगरी नेहमी मजेत असायचा. मला काय धाड भरलीय, असं म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा.

"बरा नाही," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय करमत नाही, पोरी. घर खायला उठतं. तू ये."

 लेकीच्या मागे कुठेतरी भोंगा वाजला, सुट्टी संपल्याचा. साहेब वरच्या मजल्यावर बसतात, ती म्हणाली, आणि शनिवारी लवकर निघतात. ते निघायच्या आत मला वर जाऊन यायला हवं. दिलेला शब्द परत घेता येतो की नाही, ते विचारायला हवं. आणि मॅडमचा नंबर पाठवून ठेवा, असं म्हणून तिने फोन ठेवला.

भिंगरी जाळीखालून बाहेर आला. आता करायचं काय? फोन हातात धरून बसणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. तो पट्ट्यात गेला, विळा उचलला आणि सकाळी जिथे सोडलं होतं तिथून तण उपटायला लागला. पिवळी रोपं मुळासकट काढली. दादा रस्त्याच्या कडेला उभा होता. मदत करत नव्हता, पण अडवतही नव्हता.

दूधवाला सायकलवरून आला. रोजच यायचा. रोजच विचारायचा तसं त्याने पायडल न थांबवता विचारलं, काय, पीक कसं आहे? दादाने भिंगरीकडे बघितलं.

"चांगलं आहे," भिंगरी म्हणाला.

दूधवाल्याची सायकल थोडी पुढे गेली आणि थांबली. तो पाय टेकवून मागे वळला, आणि काळजीने विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? कुणी आजारी वगैरे?

"सगळं बरं आहे," भिंगरी म्हणाला. "लेक येतेय."

दूधवाला डोकं खाजवत निघून गेला; आता संध्याकाळपर्यंत ते घराघरांत पोचणार होतं. तो वळणापलीकडे जाईपर्यंत दादा गप्प राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, अरे, अजून तिचा फोन कुठे आलाय?

"नाही आला," भिंगरी म्हणाला, आणि पुढचं तण धरलं. "पण या वेळी रस्त्याला आधी चांगलं सांगून बघतो."